एका कार्डावरचं शेल्फ

लायब्ररीतून फोन आला तेव्हा मी कोल्ड स्टोरेजच्या डिस्पॅच ऑफिसात, दोन स्वेटरांवर चमकत्या पट्ट्यांचं हाय-व्हिज जॅकेट चढवून, गोठवलेल्या वाटाण्यांचा एक ट्रक कुठे अडकलाय ते शोधत होते. मेलबर्नचं दुसरं, लांबत चाललेलं लॉकडाउन चालू होतं. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी होती. माझ्याकडे कामाचं परमिट होतं, म्हणून मला डँडेनॉन्गला कामाच्या जागेपर्यंत येता येत होतं, एवढंच. फोनवर आमच्या उपनगरातल्या लायब्ररीत इतर भाषांची पुस्तकं सांभाळणारी लायब्ररियन होती. ती मूळची श्रीलंकेची. मऊ आवाजात बोलायची, आणि वाईट बातमी द्यायची असली की आणखी मऊ.

“लायब्ररी बंद आहे तोवर आम्ही सगळ्या भाषांची शेल्फं तपासतोय,” ती इंग्रजीत म्हणाली. “ज्या पुस्तकांना वाचक नाहीत ती काढून टाकायची आहेत. मराठीला एकच वाचक दिसतोय.”

“एकच? कोण?”

“तू.”

मी आधी हसले आणि मग भडकले. तिला म्हटलं, तुमचा कॉम्प्युटर बिघडलाय. आमच्याकडे एकेक पुस्तक दहा-दहा घरं फिरतं, पानं सुटेपर्यंत वाचलं जातं. ती शांतपणे म्हणाली, “असेल. पण सगळी पुस्तकं तुझ्याच कार्डावर आहेत. पुढच्या महिन्यात निर्णय होईल.” फोन ठेवल्यावर वाटाण्यांचा ट्रक मी चक्क विसरले.

ते शेल्फ मी मिळवलं होतं. शिकायला म्हणून या देशात आले, राहिले, चाळिशी उलटली, आणि एवढ्या वर्षांत ठणकावून मागून घेतलेली गोष्ट म्हणजे हे शेल्फ. मल्याळम आणि नेपाळी यांच्या मधोमध दोन फळ्या. त्यासाठी मी अर्ज केले, सह्या गोळा केल्या, कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, बैठकीत उभी राहून बोलले. पहिली खोकी आली तेव्हा मी कामावर आजारी असल्याचं कळवून दिवसभर लायब्ररीत बसले होते. मला त्याचा फार अभिमान होता, आणि तो मी लपवतही नसे.

आणि म्हणूनच सगळा घोळ झाला. पुस्तकं आली की मी माझ्या कार्डावर ती उचलायची आणि शनिवारी गाडीतून घरोघर द्यायची. कुणाला काय आवडेल ते मीच ठरवायची. फॉस्टर स्ट्रीटच्या भारतीय दुकानांत वाणसामान घ्यायला येणाऱ्यांना तर दुकानाच्या दारात गाठून पिशवी हातात द्यायची. एकाचं वाचून झालं की त्याने ते पुढच्या घरी पोचवायचं. मुदत संपत आली की मी फोनवरून ती वाढवून घ्यायची. कुणी बिचाऱ्याने विचारलंच की, “आम्हीपण मेंबर होऊ का?” तर माझं उत्तर ठरलेलं असे: “कशाला उगाच फॉर्मबिर्म? मी आहे ना!”

लोकांनाही ते सोयीचं होतं. आपल्याकडे एकाने पुढाकार घेतला की बाकीचे निवांत होतात. डबा लावावा तशी त्यांनी मला पुस्तकांसाठी लावली होती. आणि मला ते आवडत होतं, हे कबूल करायला आज मला लाज वाटत नाही. तेव्हा वाटली असती.

त्या दिवशी संध्याकाळी मी सांगलीच्या काकांना फोन केला. काका म्हणजे आमच्या मराठी ग्रुपमधल्या एकाचे वडील. लेकाकडे तीन महिन्यांसाठी आले आणि विमानं बंद झाल्यामुळे इथेच अडकले. आयुष्यभर त्यांनी एसटीच्या डेपोत कंट्रोलरचं काम केलेलं. बायको चार वर्षांपूर्वी गेलेली, लेक आणि सून दिवसभर बंद दारांमागे मीटिंगमध्ये, नात इंग्रजीतच बोलणारी. त्यांना दिवस ढकलायला पुस्तकं लागायची. लॉकडाउनच्या आधी मी त्यांना एका जाडजूड कादंबरीचा पहिला भाग दिला होता. त्याच्या शेवटच्या पानावर नायिका नवऱ्याचं घर सोडून बाहेर पडते, आणि भाग संपतो. दुसरा भाग तेव्हा दुसऱ्या घरी गेलेला होता. तेव्हापासून काका दर आठवड्याला मला विचारत, “ती बाई कुठे पोचली गं?”

मी त्यांना शेल्फचं सगळं सांगितलं. वाटलं होतं, माझ्या बाजूने लायब्ररीला चार शब्द सुनावतील.

“बरोबर आहे त्यांचं,” काका म्हणाले. “तिकीट न फाडता गाडीभर माणसं नेलीस, आणि आता म्हणतेस, गाडी भरलेली होती! डेपोत कोण मानणार?”

“काका, तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?”

“गाडीच्या. ती बंद पडता कामा नये. किती घरं आहेत तुझी? कुठलं पुस्तक कुठे आहे?”

“सगळं डोक्यात आहे माझ्या.”

“डोक्यातलं कागदावर काढ,” ते म्हणाले. “मी फोन करतो सगळ्यांना. मला काय काम आहे दुसरं?”

मला ते मुळीच रुचलं नाही. माझी घरं, माझी पुस्तकं, आणि हे कालचे पाहुणे फोन करणार! मी दोन दिवस कागद केलाच नाही. तिसऱ्या दिवशी लायब्ररियनने ईमेल केली, सोबत काढून टाकायच्या पुस्तकांची कच्ची यादी होती. मी ती वरपासून खालपर्यंत वाचली. एकेक नाव मी मागून आणलेलं होतं. मी मुकाट्याने वही घेतली आणि घरं लिहायला बसले.

लिहिताना कळलं की माझं डोकं मला वाटत होतं तेवढं पक्कं नाही. चार पुस्तकं कुठे आहेत ते मला आठवेना. त्यांतलं एक म्हणजे काकांचा दुसरा भाग.

लायब्ररियनला मी खरं काय ते सांगून टाकलं, चूक माझी आहे हेही सांगितलं. ती म्हणाली, “मग सोपं आहे. ज्यांच्या घरी पुस्तकं आहेत त्यांना ऑनलाइन मेंबर होऊ दे. पुस्तकं तिथेच राहू देत. मी ती तुझ्या कार्डावरून काढते आणि त्यांच्या कार्डांवर घालते. जे खरं आहे तेच तर लिहायचंय.” मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं.

मग काकांचा डेपो सुरू झाला. रोज सकाळी दहा ते बारा ते फोन करत. आधी तब्येत विचारत, मग फॉर्म भरून घेत, आणि नंबर आला की तो दोनदा मोठ्याने वाचायला लावत. कुणी म्हणालं, “नंतर करतो, काका,” तर म्हणत, “मी थांबलोय लाइनवर.” नात त्यांना लॅपटॉपवर काय कुठे दाबायचं ते दाखवी. “आजोबा, click here. No, here!” असा तिचा आवाज मला फोनवरून ऐकू येई. त्यांचं स्वतःचं कार्ड मात्र अडलं, कारण पत्त्याचा पुरावा म्हणून त्यांच्या नावावर काहीच नव्हतं. लेकाने चिठ्ठी दिली, लायब्ररियनने ती चालवून घेतली, आणि व्हिजिटर व्हिसावरचे काका आमच्या लायब्ररीचे रीतसर सभासद झाले. त्या दिवशी त्यांनी मला तीनदा फोन केला.

हरवलेली पुस्तकंही त्यांनीच शोधली. तीन जवळच निघाली. चौथं, म्हणजे दुसरा भाग, कॅनबेराला निघाला. आमच्यातली एक मैत्रीण सरकारी कॉन्ट्रॅक्ट मिळालं म्हणून तिथल्या गुंगालिन उपनगरात राहायला गेली होती आणि सामानाबरोबर तो भाग घेऊन गेली होती. मला फोनवर म्हणाली, “अगं, तूच म्हणालीस ना, सावकाश वाच, मुदत मी वाढवते!” मी म्हणाले होते खरी. तिने तो पोस्टाने काकांच्या पत्त्यावर पाठवला. माणसांना राज्याची हद्द ओलांडता येत नव्हती, कादंबरी आली.

पुढच्या महिन्याच्या अखेरीला लायब्ररियनचा फोन आला. तिने आकडे वाचून दाखवले. शेल्फ राहणार होतं. माझ्या कार्डावर आता दोनच पुस्तकं होती आणि बाकीची सगळी इतरांच्या. मी आनंदाने ओरडले. मग गाडीत जाऊन बसले आणि थोडी रडलेही. शेल्फ वाचलं म्हणून रडले, आणि ते आता माझं एकटीचं राहिलं नाही म्हणूनही.

उन्हाळ्याच्या तोंडावर लायब्ररीची दारं उघडली. मास्क लावून मी पहिल्याच शनिवारी पोचले, सवयीने मोठी पिशवी घेऊन. मराठीची वरची फळी निम्मी रिकामी होती. काउंटरशेजारी राखून ठेवलेल्या पुस्तकांचा रॅक असतो, प्रत्येक पुस्तकात नावाची चिठ्ठी खोचलेली. त्यात आमची सात-आठ पुस्तकं उभी होती, आणि एकाही चिठ्ठीवर माझं नाव नव्हतं. मी ती सगळी नावं उभ्या उभ्या वाचली. काही वर्षांपूर्वी यांतल्या प्रत्येकीला, प्रत्येकाला मी “कशाला फॉर्मबिर्म” म्हटलं होतं.

मला तो दुसरा भागच पुन्हा वाचायचा होता. काउंटरवरचा पोरगेला लायब्ररियन स्क्रीनकडे बघून म्हणाला, “Sorry mate, तो बाहेर गेलाय. पुढे आणखी तिघं आहेत. तुझं नाव घालू?” माझ्या शेल्फवरच्या पुस्तकासाठी मी चौथी! मी म्हटलं, “No worries, घाल.”

बाहेर येऊन काकांना फोन लावला.

“दुसरा भाग तुमच्याकडेच आहे ना?”

“आहे की. दुसऱ्यांदा वाचतोय, शेवटची चाळीस पानं राहिलीत. बाई कुठे पोचली ते आता तुला विचारावं लागत नाही,” काका म्हणाले. “का गं, हवाय का? मग परत कशाला करतोय, मुदत वाढवून घेतो आणि देतो तुला. माझ्या कार्डावर राहू दे. मी आहे ना!”

पार्किंगमध्ये उभी राहून मी इतकी हसले की मास्क खाली घसरला.

“नको, काका,” मी म्हणाले. “परत करा. मी नंबर लावलाय.”