तीनदा मागितलेलं रक्त

ऑफिसातली पोरं मला चिडवतात, मॅडम अजून एक्सएमएलमध्येच अडकल्यात. चिडवा खुशाल. कल्याणचं एक हॉस्पिटल आणि ठाण्याची रक्तपेढी, दोघांचे प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात ते माझ्या त्याच जुन्या एक्सएमएलच्या साच्यात निरोप धाडून. हॉस्पिटलचा प्रोग्रॅम निरोपाचं पाकीट पाठवतो, अमुक गटाची एक पिशवी राखून ठेवा. पेढीचा प्रोग्रॅम ते फोडतो, पिशवी राखतो, उत्तराचं पाकीट परत धाडतो. यात चूक सापडली तर नोकरी सोडेन, असं मी छातीठोकपणे सांगायचे.

त्या दुपारी ठाण्याच्या ऑफिसात डबा खात होते, तर हॉस्पिटलमधल्या डॉक्टरबाईंचा फोन. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता, ओ निगेटिव्ह ताबडतोब हवं होतं आणि स्क्रीन सांगत होता, शिल्लक नाही. सकाळी तर तीन पिशव्या दिसत होत्या, त्या म्हणाल्या. मी ठसक्यात सांगितलं, स्क्रीन नाही म्हणतो म्हणजे नसणारच, दुसरीकडे बघा. त्यांनी बाळंतिणीच्या नवऱ्याला रक्तासाठी उल्हासनगरला पाठवलं.

फोन ठेवला आणि डबा बाजूला सारला. तीन पिशव्या एवढ्यात नेल्या कुणी? नोंदी उघडल्या. तिन्ही मागण्या त्याच बाळंतिणीच्या नावाने, लागोपाठ. पेढीचं नेट त्या दिवशी रडत होतं. पिशवी तिकडे राखली जायची, उत्तर मात्र वेळेत पोचायचं नाही. माझा प्रोग्रॅम तीस सेकंद थांबायचा, काम झालंच नाही असं धरायचा आणि नवी मागणी पाठवायचा. आपला प्रोग्रॅम हार मानत नाही म्हणून हे मीच लिहिलेलं, वर मिरवलेलंही. चौथ्या मागणीला पेढीने खरं तेच कळवलं होतं, शिल्लक नाही.

मी पेढीला फोन लावला. "तिन्ही पिशव्या तिच्याच नावावर तुमच्या फ्रीजमध्ये आहेत. आत्ताच्या आत्ता गाडी काढा."

बाई वाचली. त्याच आठवड्यात मी दुरुस्ती केली. आता प्रत्येक मागणीला नंबर असतो, ती पुन्हा पाठवली तरी तोच. तोच नंबर पुन्हा आला तर पेढी दुसरी पिशवी राखत नाही, आधीचंच उत्तर परत पाठवते.

बारशानंतर तिचा नवरा पेढे घेऊन ऑफिसात आला. तुम्ही रक्त शोधून दिलंत, म्हणाला. गप्प राहणं सोपं होतं, पण तो माझा स्वभाव नाही.

"शोधून नाही हो दिलं. माझ्याच प्रोग्रॅमने ते अडवून ठेवलेलं."

"किती वेळ?"

"वीस मिनिटं."

"ती वीस मिनिटं मी रिक्षात होतो," म्हणाला आणि पेढ्यांचा डबा माझ्या टेबलावर ठेवून गेला.

मला फार लाज वाटली. राजीनामा मात्र दिला नाही. ती चूक आता माझ्याइतकी नीट कुणालाच माहीत नाही.