ब्रूजच्या ठेंगण्या पुलावर

आटपाडीकडच्या आमच्या रानाजवळ काल कॅनॉलला पाणी सुटलं. ओल्या शेवाळाचा वास आला आणि मी थेट बेल्जियममधल्या ब्रूज गावात जाऊन पोचले.

मुलगा तेव्हा जर्मनीत नोकरीला होता. गाडीत तंबू टाकून त्यानं आम्हा दोघांना फिरवलं. तंबू ठोकायचं काम आमच्या ह्यांचं. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, दुसऱ्याला खुंटीला हात लावू देईल तर शपथ. ब्रूजमध्ये घरांच्या भिंतींना लागून वाहणारं पाणी बघून मात्र ते हरखूनच गेले. म्हणाले, "चल, नावंत बसू."

मी दुष्काळी गावची, तेव्हा आमच्याकडं कॅनॉलही नव्हता, पाणी बघितलेलं ते कळशीतलं. म्हटलं, "मला न्हाई जमायचं. तुमी जावा की."

"तुला सोडून? ऱ्हाऊ दे."

मग आम्ही दगडी पुलावर उभे राहिलो. पूल इतका ठेंगणा, की खालून जाताना नावेतली माणसं माना वाकवायची. दर खेपेला वर उभे असलेले हेही वाकायचे.

"आवं, तुमी का वाकताय?"

"सवय करतोय. पुढच्या टायमाला बसायचंय न्हवं!"

मी लय हसले होते. पुढची खेप आलीच नाही. त्याच हिवाळ्यात ते गेले. मी नावेत बसले असते तर काय बिघडलं असतं? बुडालो असतो तर दोघं बुडालो असतो.

काल कॅनॉलच्या पुलावर उभी होते. पाण्यावरून पाचटाचा एक पुंजका तरंगत आला आणि पुलाखाली शिरला.

मी मान वाकवली.