धोकादायक ठरल्याबद्दल अभिनंदन

आमच्या हेदोजी वसाहतीच्या फाटकावर एका वसंतात भलामोठा कापडी फलक लागला : ‘हार्दिक अभिनंदन! आपल्या इमारती धोकादायक ठरल्या!’ खाली पुनर्बांधणी समितीचं नाव. त्या दिवशी घरोघर तांदळाचे त्तोक, म्हणजे शुभप्रसंगी करतात ते मऊ केक, वाटले गेले. आमच्या जिन्यात ते वाटत होते पाचव्या मजल्यावरचे चूदादा, आणि चेहरा असा, जणू घरात नातू झाला.

चू दोक-सू. उभा जन्म पियानोच्या कारखान्यात लाकडाला पॉलिश करण्यात गेला. बागेतल्या बाकाचा पाय डुगडुगताना दिसला तर खिळा ठोकल्याशिवाय पुढे न जाणारा माणूस. पण निवृत्त होऊन समितीत शिरले आणि दुरुस्ती या गोष्टीशीच त्यांनी वैर धरलं. कारण सरळ होतं. इमारत राहण्यालायक नाही असा तपासनीसांनी शेरा दिला, तरच ती पाडून नवी बांधता येते. पाहुणे यायचे म्हणून लोक घर आवरतात; आमच्याकडे तपासनीस यायचे म्हणून चूदादा दारोदार फिरून बजावत, भेगा बुजवू नका, गंज खरवडू नका, पोपडे लोंबताहेत तसे लोंबू द्या. तिसऱ्या मजल्यावरच्या पाक आडनावाच्या शिक्षिकाबाईंनी हौसेने जिन्यातली एक भेग सिमेंटने लिंपली, तर दादांनी महिनाभर त्यांच्या नमस्काराला मान डोलावली नाही. एवढं करून पहिल्या तपासणीत इमारत चांगली ठणठणीत निघाली. वसाहतीला सुतक लागल्यासारखं झालं.

ही सगळी खटपट होती दादांच्या बायकोसाठी, माल्सून वहिनींसाठी. आमच्या इमारती पाच मजली आणि लिफ्ट नाही. वहिनींचे गुडघे गेले. आधी त्या रोज उतरत, मग बाजाराच्या दिवशी, मग फक्त सणाला, आणि पुढे उतरेनाशाच झाल्या. हिवाळ्याच्या तोंडावर कोबीचे गड्डे खालून वर जात आणि किमचीचे डबे वरून खाली येत. वहिनी वरच.

समितीच्या कचेरीत नव्या वसाहतीचा छोटा नमुना काचेत ठेवला होता. उंच मनोरे, शेवाळाची झाडं, नखाएवढी माणसं. घरं चिठ्ठ्या टाकून मिळायची होती, पण दादांनी आपली खिडकी आधीच पसंत करून टाकली होती. काचेवर बोट ठेवून ते सांगत, ही आमची, लिफ्ट दारासमोर, तेग्यूच्या आईने चपला घातल्या की थेट बाग. तेग्यू त्यांचा मुलगा; बायकोला ते त्याच्याच नावाने हाक मारत. एकदा त्यांनी त्याचा फोटो काढून वहिनींना दाखवला. वहिनींनी चष्मा लावून विचारलं, ही हिरवळीवरची माणसं बसलीत की चाललीत? चाललीत, म्हणाले. मग त्यांचे गुडघे बरे दिसतात, असं म्हणून वहिनी लसूण सोलायला लागल्या.

मग नगरपालिकेनेच एक योजना आणली. जुन्या इमारतींना जिन्याच्या बाहेरून लिफ्ट जोडून द्यायची, बहुतेक खर्च त्यांचा. आमच्या जिन्याने हात वर करून हो म्हणायचं, की झालं. सभेच्या आदल्या संध्याकाळी मी मुळे पोचवायला वर गेलो होतो.

“अहो, येऊ दे ना ती लिफ्ट,” वहिनी म्हणाल्या.

“लिफ्ट लागली की इमारत सुधारली. मग ती पाडणार कोण?”

“नका पाडू.”

“दोन वर्षं कळ काढ, तेग्यूच्या आई. नव्या घरी एकेका मनोऱ्याला चार-चार लिफ्ट आहेत.”

“तेग्यू सैन्यात गेला तेव्हापासून तुमची दोन वर्षंच चाललीत. आता त्याचा पोरगा जाईल सैन्यात.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “मला चार नकोत हो. एक पुरे.”

दुसऱ्या दिवशी दादा सभेत इतकं तळमळून बोलले की लिफ्टचा ठराव पडला. मी आणि पाकबाईंनी हात वर केले होते. बाकीच्यांना मनोरे दिसत होते. पुढच्या वसंतात शेरा मिळाला, फलक लागला, त्तोक आले. आम्हीही खाल्ले. चांगले होते.

त्यानंतर आराखडा बदलायला लागला. आधी सगळी वसाहत एकदम पाडायची होती. मग उंची कमी करा असा हुकूम आला. मग टप्पे पडले : रस्त्याकडची रांग पहिली, टेकडीकडची, म्हणजे आमची, शेवटची. मग पोलादाचे भाव पाहून बांधकाम कंपनीने अंग काढून घेतलं, आणि शेवटच्या टप्प्यापुढे ‘यथावकाश’ एवढंच उरलं. कुणीतरी येऊन काचेतला नमुनाही सुधारला. आमचे मनोरे उपटले. खाली डिंकाचे डाग राहिले.

दादांनी मुलाच्या लग्नातला कोट घातला आणि कुणाला न सांगता नगरपालिकेत गेले, लिफ्ट मागायला. हे मला त्यांनीच मागाहून सांगितलं. खिडकीपलीकडची मुलगी फार अदबीची होती म्हणे. तिने आधी सातूचा चहा दिला.

“आजोबा, तुमची इमारत धोकादायक आहे. तिला आम्हाला काही जोडता येत नाही.”

“तशी काही फार धोकादायक नाही ती,” दादा म्हणाले.

“तसा शेरा आहे ना.”

“तो शेरा मीच...” इतकं म्हणून दादा थांबले, आणि चहा संपवून आले.

थंडीच्या आधी तेग्यूने आईची वृद्धाश्रमात सोय केली. तिला उतरवायचं कसं यावर बरीच चर्चा झाली. सामान हलवणाऱ्यांची शिडीची गाडी मागवा, असं वहिनींनीच सुचवलं. फ्रीज खिडकीतून उतरतो, मग मी काय त्याच्याहून जड आहे? पण त्या शिडीवर माणूस बसवायला परवानगी नाही. शेवटी बचाव पथकाच्या दोन तरुणांनी त्यांना खुर्चीला बांधून उचललं. आम्ही सगळे आपापल्या दारात उभे. वहिनी प्रत्येक मजल्यावर जरा थांबवायला लावून दारं बघत होत्या. पाकबाईंना म्हणाल्या, अगंबाई, तुम्ही नवं दार बसवलंत, मला कुणी बोललं नाही.

मागून पिशवी घेऊन दादा येत होते. आमच्या दुसऱ्या मजल्यावर त्यांना धाप लागलेली वहिनींनी ऐकली. वळता येत नव्हतं, म्हणून समोरच्या भिंतीकडे बघतच बोलल्या, “तुम्ही इथूनच वर जा. खाली आलात तर परत चढावं लागेल.”

दादा खाली गेले. पिशवी गाडीत ठेवली. गाडी फाटकाबाहेर वळली. बोचरा वारा सुटला होता. मी म्हटलं, दादा, चला वर. म्हणाले, तू हो पुढे, येतोच मी.

मी घरी येऊन त्यांच्यासाठी पाणी तापत ठेवलं आणि दार थोडं उघडं ठेवलं. चहा झाला, ओतला, निवला. जिन्यात पावलं वाजली नाहीत.