आरसा, दिवा आणि स्वानंदराव

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान स्वानंदराव लिफ्टच्या कंपनीत इंजिनियर आहेत. लिफ्ट वर कशी न्यायची हे दुसरे लोक बघतात. काही बिघडलं तर ती जागच्या जागी थांबेल की नाही, हे यांचं खातं. माणूस सज्जन, नोकरी पक्की, व्यसन नाही, म्हणून आम्ही नीरजाला डोंबिवलीत दिली. पत्त्यांचं विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

पत्ते म्हणजे रमीचे नव्हेत. राक्षस, जादूगार, ड्रॅगन छापलेली कार्डं मिळतात. त्यांतून हवी ती निवडून प्रत्येकाने आपला गठ्ठा बांधायचा, त्याला म्हणायचं डेक. मग समोरासमोर बसून एकमेकांचा जीव घ्यायचा. चाळिशीची माणसं हे करतात, आणि कार्डाला ओरखडा येऊ नये म्हणून एकेकाला प्लास्टिकचं कव्हर घालतात.

बहुतेक जण पहिल्या डावापासून तुटून पडतात. स्वानंदरावांना ते गावंढळ वाटतं. त्यांचा डेक आधी काही करतच नाही. समोरचा जे करेल ते अडवतो. तुम्ही कार्ड टाकलंत की ते शांतपणे म्हणणार, "नाही, हे चालणार नाही." असं करता करता आरसा आणि दिवा ही दोन कार्डं एकत्र हातात आली की खेळ खलास. दिवा समोरच्याला जरासा भाजतो, आरसा त्या दिव्याचा दुसरा दिवा करतो, दुसऱ्याचा तिसरा, आणि एका डावात माणसाची राख होते. त्या क्षणासाठी स्वानंदराव कितीही थांबू शकतात. लग्नाला होकार कळवतानाही ते असेच थांबले होते.

त्यांची इच्छा एकच होती. ठाण्याच्या वार्षिक स्पर्धेत एकदा तरी शेवटच्या आठांत यायचं. त्यासाठी सराव हवा आणि सरावाला माणूस हवं. मित्र केव्हाच पांगले होते, कारण सगळा वेळ 'नाही' ऐकायला कोण बसणार? राहिली नीरजा. दुकानदाराने फुकट दिलेला लांडग्यांचा तयार डेक तिच्या हाती आला आणि जेवणं झाली की दोघं टेबलाशी बसू लागली.

"तुला आवडतं का गं हे?" मी तिला एकदा विचारलं.

"छे. पण दादा, तेवढा वेळ तो माझ्याकडे बघतो तरी. मी लांडगा टाकला की विचारात पडतो, हिने असं का केलं असेल म्हणून. एरवी मी केस कापून आले तरी त्याला कळत नाही."

मला हसू आलं, आणि मग वाईटही वाटलं.

खेळ संपला की डेकची डागडुजी चाले. नीरजा लांडगे घाईने सोडते, म्हणून सापळे आले. पांढरा लांडगा ती शेवटपर्यंत राखून ठेवते, म्हणून त्याच्यासाठी खास कुंपण आलं. रोज कुणाची तरी उचलबांगडी, कुणाची तरी भरती. वर्षभरात नीरजा जिंकेनाशी झाली आणि स्वानंदरावांच्या चेहऱ्यावर तेज आलं. "दादा, डेक आता तयार आहे," त्यांनी मला फोनवर कळवलं.

स्पर्धेच्या रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक होता, म्हणून मी कल्याणहून गाडी काढली आणि त्यांना घेतलं. शीळफाट्याला अडकलो, तर त्यांनी मांडीवर कार्डं पसरली. ड्रॅगन अडवणारं एकमेव कार्ड होतं, ते बाहेर काढलं आणि आणखी एक सापळा आत घातला. "हे कधी लागतच नाही," ते म्हणाले.

ठाण्याच्या त्या हॉलमध्ये लांडगे कुणाकडेच नव्हते. पहिल्याच फेरीत साकेत नावाचा एक दाढीवाला गृहस्थ ड्रॅगन घेऊन बसला. ड्रॅगन उडतात. सापळे जमिनीवर, कुंपणं जमिनीवर, ड्रॅगन आपले वरून निघून गेले. पुढच्या फेरीतल्या बाईंकडे तर प्राणीच नव्हते, नुसते मंत्र. स्वानंदरावांच्या हातात सापळेच सापळे, आरसा आला तर दिवा नाही आणि दिवा आला तर आरसा नाही. एकही फेरी न जिंकता ते मोकळे झाले.

साकेतने कौतुकाने त्यांची कार्डं चाळली. "सर, बांधलाय एकदम भारी. पण कोणाविरुद्ध? लांडगे घेऊन आता खेळतं कोण?"

"बायको," स्वानंदराव म्हणाले.

आम्ही परतलो. घरी नीरजाने दार उघडलं, आमचे चेहरे पाहिले आणि पाणी आणून दिलं. ते सांगेनात, म्हणून मीच सांगितलं, की या डेकने जगात एकाच माणसाला हरवता येतं, आणि ते माणूस म्हणजे तू.

ती आधी खो-खो हसली. मग तिने त्यांच्याकडे पाहिलं. लग्नानंतर तिचा चेहरा इतका मऊ झालेला मी पाहिला नव्हता.

"म्हणजे वर्षभर तू फक्त माझाच विचार करत होतास?"

मी मनात म्हटलं, स्वानंदराव, आता नुसतं हो म्हणा. पुढे काही बोलू नका.

"हो ना," ते म्हणाले. "तिथेच तर चुकलं."

नीरजा टेबलाशी गेली. लांडग्यांचा गठ्ठा उचलून तिने माझ्या हातात दिला आणि ती आत निघून गेली.

स्वानंदराव थोडा वेळ तिच्या खुर्चीकडे बघत बसले. मग त्यांची नजर माझ्या हातातल्या गठ्ठ्याकडे वळली.

"दादा," ते म्हणाले, "तुम्ही संध्याकाळचे साधारण मोकळे असता का?"