सांगलीच्या पेढीचा ओटा

काकांचं पत्र आलं : "सांगलीच्या इमारतीत नवं दुकान काढलंय, येऊन बघ." नवं दुकान? जागा कुठली काढली? मनात पाल चुकचुकली. लोणंदचं आमचं कापडदुकान बायकोवर सोपवलं आणि निघालो.

लढाई संपून वर्ष झालं तरी रेल्वेत पाय ठेवायला जागा नाही. सांगलीला जाणाऱ्यांनी मिरजेला गाडी बदलताना फलाटावरच खाऊन घ्यावं. मला दोन आण्यांत भडंग आणि गुळाचा चहा मिळाला. साखर रेशनवर, तेव्हा तोंड वाकडं करू नये. पुढं सांगलीत टांगेवाला चार आणे मागतो, तीनवर येतो.

आमचे आजोबा कच्छहून आले तेव्हा सांगलीत कुणी त्यांना दारात टेकू दिलं नाही. हळदीची पोती वाहणाऱ्या हमालांनी आपल्या झाडाखाली जागा दिली, भाकरी दिली. पुढं तीच जागा घेऊन आजोबांनी दगडी इमारत बांधली. खाली पेढी, वर बिऱ्हाड आणि पुढं लांबलचक ओटा, फक्त हमालांना बसायला. "त्यांचं झाड तोडलं, सावली तरी द्यायला नको?" म्हणायचे.

टांग्यातून उतरलो आणि डोकंच फिरलं. ओटा गायब! तिथं भिंती, दार, आत काचसामान. समोर भर उन्हात आजोबांच्या वेळचा गणू हमाल पोतं अंथरून बसलेला.

"गणूमामा, इथं का?"

"मग कुठं बसू, धाकलं शेट? तुमच्या आज्यानं सबुद दिला व्हता. आता आमाला सावली न्हाई."

तरातरा आत गेलो. "काका, लाज नाही वाटली? ज्यांनी जागा दिली त्यांनाच हाकललंत?"

काकांनी शांतपणे कपाटातून कागद काढला. "ओरडू नकोस. सगळ्या भावा-पुतण्यांना विचारूनच केलंय."

ओटा बुजवून दुकान काढायला संमती, आणि खाली माझी सही! आमच्या घरात वडीलधाऱ्यांचा कागद वाचून सही करणं म्हणजे त्यांचा अपमान. दिवाळीत आलेल्या त्या कागदावर मी उभ्याउभ्याच सही ठोकली होती, वर 'आपली आज्ञा' असंही लिहिलं होतं. गाढव कुठला!

बाहेर गणूमामानं विचारलं, "काय म्हणालं थोरलं शेट?" खरं सांगायची हिंमत झाली नाही. मान खाली घालून टांग्यात बसलो.

परवा लोणंदला काकांचा आणखी एक कागद आला. शब्दन् शब्द वाचला आणि सही न करता परत धाडला. बायको म्हणाली, "काका रागावतील."

रागावू देत. गणूमामा अजून उन्हातच बसलाय.