माणिकराव पाटील आणि अमेरिकेचे अध्यक्ष

बाळापूरकडून आलेल्या एका गाडीवानाने अकोल्याच्या बाजारात मला सांगितलं, की माणिकराव पाटील गेले. पटकीने गेले. सकाळी शेतावर होते आणि दिवस मावळायच्या आत सगळं आटोपलं. मी छकडा करून निघालो, पण पोचलो तेव्हा चितेची राख गार होत आली होती. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. लोक विचारतात, मास्तर, एवढा जुना स्नेही गेला, वाईट वाटत असेल... वाटतंच. पण खरं सांगायचं तर मला आधी राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. पाटलांना आपल्या भावाकडे अमरावतीला जायचं होतं. काय बोलायचं तेही ठरलं होतं. वर्षभर ते आज निघतो, उद्या निघतो म्हणत राहिले आणि शेवटी निघालेच नाहीत.

अकोल्याच्या शाळेत मी इंग्रजी शिकवतो. कापसाचा भाव नुकता चढायला लागला होता, त्या हिवाळ्यात एका बाजाराच्या दिवशी पाटील शाळेच्या ओट्यावर येऊन उभे राहिले. उंच, रापलेले, आवाज शेताच्या दुसऱ्या धुऱ्यापर्यंत जाईल असा. बाळापूरजवळच्या एका गावची पाटीलकी त्यांच्याकडे होती आणि काळी कसदार जमीन ते आणि धाकटा भाऊ गोविंद एकत्र कसत होते. कापूस चांगल्या भावाने विकून आलेल्या माणसाने खुशीत असावं, पण त्यांच्या कपाळावर आठी होती. भाव काहून वाढला म्हणून त्यांनी दलालांना विचारलं होतं. अमेरिकेत लढाई चालू आहे, इतकं सगळे सांगत. ती कशासाठी चालू आहे, हे एकालाही ठाऊक नव्हतं आणि ठाऊक नसल्याचं कोणाला काही वाटतही नव्हतं. "मास्तर, कोणाच्या तरी घरी आग लागली म्हून माह्या घरी पैसा येऊन राहिला," पाटील म्हणाले. "आग काहून लागली, एवढं तं मले समजलं पायजे."

कचेरीतल्या एका कारकुनाकडून मला मुंबईची इंग्रजी वर्तमानपत्रं शिळी झाल्यावर मिळत. त्यात जे वाचलं होतं ते मी सांगितलं. अमेरिकेच्या दक्षिणेकडे कापूस गुलामांच्या हातून पिकवला जातो. ती गुलामगिरी टिकावी म्हणून तिथले प्रांत देशातून फुटून निघाले आहेत, आणि तिथले अध्यक्ष म्हणतात की मी देश फुटू देणार नाही. त्यांच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि विलायतेची नजर वऱ्हाडाकडे वळली. पाटलांनी सगळं निमूट ऐकून घेतलं आणि पुढच्या बाजाराला पुन्हा आले. मग येतच राहिले.

त्यांचं त्या अध्यक्षांशी पटायला वेळ लागला. सुरुवातीलाच बातमी आली, की अमेरिकेच्या आरमाराने समुद्रात एक इंग्रजी जहाज थांबवून त्यावरून विलायतेला निघालेले दक्षिणेचे दोन दूत पकडले. इंग्रज खवळले, लढाईची भाषा सुरू झाली, आणि अध्यक्षांनी ते दोघे सोडून दिले. पाटील चिडले. इंग्रजाले भ्याला, असं म्हणून ते उठूनच गेले. एका हाताने घरातली लढाई चालू असताना दुसऱ्या हाताने बाहेरची अंगावर घेता येत नाही, हे मी त्यांच्या पाठीला सांगत राहिलो. पुढच्या बाजाराला आल्या आल्या त्यांनीच विषय काढला. अपमान गिळायला जिगर लागते, आपल्याला ते जमलं नसतं, असं म्हणाले. दुसऱ्याचं बरोबर आहे हे पाटील कबूल करायचे, पण ते करायला त्यांना आठवडा लागायचा. हा त्यांचा स्वभावच होता आणि तो मला फार महाग वाटायचा.

अध्यक्षांनी गुलाम मुक्त केल्याची बातमी आली त्या दिवशी तर आमचं चांगलंच वाजलं. जाहीरनामा फक्त बंडखोर प्रांतांपुरता होता. जे प्रांत गुलाम बाळगूनही अध्यक्षांच्या बाजूला राहिले होते, तिथले गुलाम तसेच राहणार होते. पाटलांनी ते माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं. "म्हंजे जिथं याचं चालत नाही तिथले सोडले, अन् जिथं चालते तिथले ठेवले?" मी म्हटलं, युद्धातला अधिकार शत्रूच्या मुलखापुरताच चालतो, जे बाजूला राहिले त्यांना आत्ताच दुखावलं तर तेही जातील. शिवाय विलायतेत दक्षिणेला मान्यता द्यावी म्हणणारे बडे लोक आहेत, आता त्यांना गुलामगिरीच्या बाजूने उघड उभं राहणं कठीण जाईल. पाटलांना हे समजत होतं, पटत नव्हतं. एवढा विचार करून पाऊल टाकणाऱ्या माणसाचा त्यांना आदरही वाटे आणि त्याच कारणाने रागही येई. सेनापतीमागून सेनापती बदलले जात होते, माणसं मरत होती, आणि हा माणूस अजून किती दिवस थांबणार, असं ते मलाच विचारत. जणू मी अध्यक्षांचा दिवाण होतो.

इकडे वऱ्हाडात कापसाचं वेड घरोघर शिरलं होतं. पाटील दरसाल अर्ध्या जमिनीत ज्वारी पेरत, कारण सगळ्यांनीच कापूस लावला तर गावाने खायचं काय, असं त्यांचं म्हणणं. ज्वारी महाग होत चालली होती आणि आम्ही पगारदार माणसं ते रोज भोगत होतो. गोविंदला मात्र सगळ्या जमिनीत कापूस हवा होता. दादा ऐकत नाही म्हटल्यावर त्याने वाटणी मागितली. पाटलांनी साफ नाही म्हटलं आणि वर त्याला अमेरिकेचा दाखला दिला. घर फुटू देणार नाही. गोविंद बायकोला घेऊन अमरावतीला गेला आणि तिथे कापसाची दलाली करू लागला.

मी पाटलांना स्पष्ट सांगितलं, की तुम्ही चुकता आहात. दक्षिणेचे लोक गुलाम राखायला फुटले. गोविंद काही कोणाला गुलाम करायला निघालेला नाही. वाटणी हा त्याचा हक्क आहे, आणि अर्धी जमीन तुमच्याकडे राहतेच, तिच्यात हवी तेवढी ज्वारी पेरा. "तुमी वाचून दाखवता तवा अध्यक्षाच्या बाजूनं असता," पाटील म्हणाले, "अन् माह्यावर आलं का गोविंदाच्या बाजूनं होता." जगातल्या एका चांगल्या माणसाकडून नेमकी नको ती गोष्ट उचलावी, तसं त्यांनी केलं होतं, आणि माझा एकही शब्द तिथे पोचत नव्हता.

युद्धाच्या अखेरच्या हिवाळ्यातली एक बातमी मी त्यांना चैत्राच्या सुमाराला वाचून दाखवली. तहाचं बोलायला दक्षिणेची माणसं आली होती, आणि त्यांना भेटायला अध्यक्ष स्वतः एका आगबोटीवर गेले होते. बोलणी फिसकटली. देश एक राहील आणि गुलामगिरी जाईल, या दोन गोष्टींवर अध्यक्ष मागे हटले नाहीत. पाटलांना त्या दोन गोष्टींत रस नव्हता. "सोताच गेला?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मग ते उठून गेले, आणि थोड्याच दिवसांत निरोप आला, की गोविंदला मूर्तिजापूरला बोलावलं आहे, तुम्हीही चला.

मूर्तिजापूर अकोला आणि अमरावतीच्या मधलं. दोघा भावांना तिथे येण्यात कमीपणा नव्हता. धर्मशाळेच्या पडवीत आम्ही बसलो. गोविंद अंगाने भरला होता, पण भावाला पाहिल्याबरोबर वाकला. पाटलांनी बरंच काही सोडलं. कापूस वाढवायला तयार झाले, अमरावतीची दलाली चालू ठेव म्हणाले, घरातला कारभार तू बघ म्हणाले. मला वाटलं, जमलं. गोविंद मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, "दादा, मले तुह्या हातून काई नोको. मले माहं पायजे." पाटील म्हणाले, घर एकच राहीन. राधाबाईंनी, म्हणजे पाटलांच्या पत्नीने, दिराला आवडतात म्हणून बांधून दिलेल्या तिळाच्या पोळ्या दोघांनी समोरासमोर बसून खाल्ल्या, एकमेकांना वाढल्या, आणि गाड्या दोन दिशांना लागल्या. इतक्या जवळ आलेली गोष्ट अशी निसटताना मी दुसरीकडे पाहिलेली नाही. परतीच्या वाटेवर मी पाटलांशी बोललो नाही. बोललो असतो तर भांडलोच असतो.

त्यानंतर बातम्या भराभर आल्या. अध्यक्षांचं भाषण आलं, की कोणाबद्दल आकस न धरता देशाच्या जखमा बांधू या. मग दक्षिणेचा मोठा सेनापती शरण आल्याचं आलं. शत्रूच्या शिपायांना पकडून न ठेवता घरी जाऊ दिलं, पेरणीला लागतील म्हणून घोडे सोबत नेऊ दिले, हे वाचताना पाटलांनी मला थांबवलं आणि ते वाक्य परत वाचायला लावलं. आणि लगेचच ती दुसरी बातमी आली. नाटक पाहायला बसलेल्या अध्यक्षांना कोणीतरी मागून गोळी घातली.

वाचून झाल्यावर मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. बाहेर बाजार चालू होता. कापसाचा भाव कोसळत होता आणि लोक एकमेकांवर ओरडत होते. पाटील म्हणाले, "ज्याईले तो माफ करणार होता, त्याईचं आता काय होईन?"

जाताना त्यांनी सांगितलं, की गोविंदला वाटणी देऊन टाकतो. त्याला हवी ती जमीन घेऊ दे, विहिरीजवळचीही. मी स्वतः अमरावतीला जाऊन सांगतो. मला इतका आनंद झाला, की त्याच दिवशी निघा म्हणून मी मागे लागलो. पेरणी होऊ द्या, म्हणाले. पेरणी झाली. मग निंदण, मग वेचणी. भाव पडल्यामुळे गोविंदची दलाली बसली होती, आणि आत्ता गेलो तर हा माझी पडती पाहायला आला असं त्याला वाटेल, हे एक नवीन कारण त्यांना सापडलं. मी मध्ये पडून निरोप पोचवतो म्हटलं, तर सोताच जायचं हाय, यावर अडून बसले. दर बाजाराला यायचे, अमेरिकेत आता काय चाललं आहे ते विचारायचे. नवा अध्यक्ष कसा आहे, मोकळ्या झालेल्या गुलामांना जमिनी मिळाल्या का. मी वाचून दाखवायचो आणि शेवटी म्हणायचो, पाटील, अमरावती. ते हो हो म्हणत पागोटं उचलायचे. या माणसाच्या काळजात काय चाललं होतं, हे मला पाच वर्षांत कळलं नाही असं नाही. कळलं होतं, आणि त्याचा काही उपयोग झाला नाही.

तेराव्याला गोविंद आला होता. वाळलेला, डोळे खोल गेलेले. जेवणं उरकल्यावर राधाबाईंनी आम्हा दोघांना बियाण्याच्या खोलीत नेलं. दारातून उजेड येत होता तेवढाच. आत बी साठवायची एक जुनी कणगी होती, मोठी, शेणाने लिंपून लिंपून काळी पडलेली, आणि तिच्या शेजारी तुराट्यांची एक नवी, अजून हिरवट वासाची. पाटलांनी मृग जवळ आल्यावर विणून घेतली होती. राधाबाई म्हणाल्या, "भाऊजी, हे तुमच्या वाटणीचं बी हाय. त्याईनंच काढून ठेवलं. अर्धी कपाशी, अर्धी ज्वारी."

गोविंदने कणगीवर हात ठेवला, आत पाहिलं नाही. मग मी त्याला सगळं सांगितलं. पाटलांनी वर्षापूर्वीच ठरवलं होतं, विहिरीजवळची जमीनही द्यायची होती, ते स्वतः येणार होते. मला वाटलं होतं, हे ऐकून त्याला थोडं हलकं वाटेल. त्याने सगळं ऐकून घेतलं. राधाबाई पदराने तोंड झाकून बाहेर गेल्या.

"मास्तर," गोविंद म्हणाला, "समिंदरापल्याडची खबर त्याले दर बाजाराले पायजे होती." त्याचा आवाज चढला नाही. "मी तं अमरावतीले होतो."