मंगळवार-शुक्रवारची नोंद

विकास कचेरीतले आकडेवारीचे कारकून घाटावरून आलेले. पेन्सिल कायम कानावर आणि बोलण्याच्या शेवटी ठरलेलं, "नोंद महत्त्वाची." मंगळवारी आणि शुक्रवारी भल्या सकाळी ते आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर यायचे आणि होडी लोटणाऱ्या तांडेलाला विचारायचे, "कुठे चाललात?"

समुद्रावर निघालेल्याला हे विचारायचं नसतं, अपशकुन होतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. तांडेल होडी परत वर ओढायचा. कारकून लिहायचे, मासळी शून्य.

"साहेबानू, परत इल्यार इचारा. जाताना नको," तांडेल हात जोडून सांगायचा.

"फॉर्मात 'निघताना' असं छापलंय. नोंद महत्त्वाची."

बाकीच्या दिवशी होड्या भरून यायच्या, पण तेव्हा कारकून कचेरीत शून्यांची बेरीज करत बसलेले असायचे. वर्षअखेरीस कचेरी, व्यापारी आणि आमची मच्छीमार सोसायटी यांची बैठक झाली. माहितीची देवाणघेवाण झाली, चहा झाला, आणि इथे मासळीच नाही म्हणून आम्हाला कबूल झालेला बर्फाचा कारखाना दुसऱ्या बंदराला गेला. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून त्या ठरावाच्या कागदावर मीही सही ठोकली.

रविवारी ही बातमी किनाऱ्यावर सांगायला कारकूनच आले. हातात पिशवी होती. "बांगडे ताजे आहेत ना?"

"खंयचे बांगडे, साहेबानू?" भरलेल्या टोपलीवर हात ठेवून तांडेल म्हणाला. "तुमच्या कागदार शून्य आसा."

कारकुनांनी कानावरची पेन्सिल काढली आणि आमच्यादेखत आणखी एक शून्य मांडलं.